राऊटरवरची हार्ड डिस्क बाहेरून उघडत नाही, रीसेट केलं तरी पुन्हा तेच

साताऱ्याच्या घरी राऊटरला एक हार्ड डिस्क लावलेली आहे. अडीच इंची, एक टीबीची. आजीच्या लग्नातल्या फोटोंपासून जमिनीच्या फेरफारांपर्यंत, बाबांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून स्कॅन केलेलं सगळं तिच्यात आहे. मी पुण्यात, ताई डब्लिनला. आम्हाला दोघांनाही ते हवं तेव्हा उघडता यावं, एवढीच अपेक्षा होती. त्यासाठी राऊटरमध्येच व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, चालू केलेलं होतं. पण दर काही आठवड्यांनी ते बंद पडायचं. घरात इंटरनेट व्यवस्थित, टीव्ही चालू, आईचे व्हिडिओ कॉल चालू, आणि बाहेरून डिस्क मात्र दिसायची नाही.

मग फोन व्हायचा. बाबा म्हणायचे, "थांब, मी रीसेट करून बघतो." टाचणी घेऊन राऊटरच्या मागच्या भोकात दाबून धरायचे. त्यानंतर घरातलं इंटरनेटही जायचं आणि शनिवारी मी एसटीने साताऱ्याला निघायचो. वर्षभरात चार वेळा असं झालं. चौथ्या वेळी मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक वेळी नेमकं काय तुटलं होतं ते लिहून काढलं. तेव्हा कळलं की दुखणी चार होती, बाहेरून दिसणारं लक्षण तेवढं एकच होतं. आणि त्या चारांपैकी एक दुखणं दर रीसेटला आम्हीच नव्याने तयार करत होतो.

ज्यांच्याकडे अशीच मांडणी आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो. आयपी पत्ते इथे मराठी आकड्यांत आहेत, टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरायचे.

टाचणी हातात घेण्याआधी

बोलताना आपण 'राऊटर रीसेट केला' असं सरसकट म्हणतो. कोणी नुसतं बटण बंद-चालू केलेलं असतं, कोणी टाचणी घातलेली असते. फोनवरून मदत करताना पहिला घोळ इथेच होतो, म्हणून समोरच्याला आधी नेमकं काय केलं ते विचारा.

बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं म्हणजे रीबूट. यात एकही सेटिंग जात नाही. हे बिनधास्त करा, दोनदा करा.

टाचणीने दहाएक सेकंद, दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरणं म्हणजे फॅक्टरी रीसेट. राऊटर दुकानातून आणला त्या दिवसासारखा कोरा होतो. इंटरनेट कंपनीने दिलेलं पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड जातं, वायफायचं नाव जातं, व्हीपीएन सर्व्हर आणि त्याच्या किल्ल्या जातात, डीडीएनएसचं (घराचा बाहेरचा आयपी बदलत राहतो, म्हणून त्याला एक कायमचं नाव देणाऱ्या सेवेचं) खातं जातं, डिस्कसाठी केलेले युजर जातात, घरातल्या नेटवर्कचा बदललेला पत्ताही जातो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे. डिस्कमधल्या फायलींना मात्र रीसेटने काहीही होत नाही. बाबांना पहिल्यांदा हीच धास्ती होती, रात्री साडेदहाला फोन करून "फोटो गेले का रे?" विचारलं होतं त्यांनी. फोटो जात नाहीत.

अपडेट म्हणजे राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बदलणं. यात सेटिंग सहसा टिकतात. फार जुन्या आवृत्तीवरून एकदम नव्यावर उडी मारली तर काही वेळा रीसेट करावाच लागतो, आणि तसं असेल तर त्या आवृत्तीच्या माहितीत लिहिलेलं असतं.

एक कळकळीची विनंती. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला जो डबा असतो, ज्यात पिवळी बारीक वायर जाते, त्याच्या भोकात टाचणी घालू नका. त्यात कंपनीने भरलेली माहिती असते. ती पुसली गेली तर घरबसल्या काही करता येत नाही, माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. आमच्याकडे एकदा ते तीन दिवस चाललं.

आधी घरातून उघडते का ते बघा

मी सुरुवातीला पुण्यात बसून शोधाशोध करायचो, ती चूक होती. डिस्क घरातच उघडत नसेल तर बाहेरून कितीही डोकं आपटून उपयोग नाही. घरच्या वायफायवरच्या विंडोज संगणकावर विंडोजची कळ आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे राऊटरचा पत्ता टाका. हा पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. फोल्डर उघडला तर घरातलं ठीक आहे, खालचा भाग सोडून पुढच्या मुद्द्यावर जा.

उघडला नाही, तर आधी डिस्कला कान लावा. खरंच लावा. टिक, टिक, आणि मग गप्प, असा आवाज येत असेल तर तिला वीज पुरत नाही. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९०० देतं, आणि तबकडी फिरायला लागतानाच डिस्कला सर्वांत जास्त विजेची गरज असते. एरवी चालणारी डिस्क लाईट जाऊन आल्यावरच का रुसते, ते यातून कळतं. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की हा त्रास थांबतो. आमचा थांबला.

आवाज नीट असेल पण फोल्डर रिकामा दिसत असेल, किंवा वाचता येतं पण लिहिता येत नाही असं असेल, तर डिस्क लिहीत असतानाच वीज गेलेली असू शकते. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क अशा वेळी स्वतःवर 'तपासणी बाकी' अशी खूण ठेवते आणि काही राऊटर ती खूण दिसली की डिस्क पुढे घेतच नाहीत. डिस्क काढून संगणकाला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. काही मिनिटांत काम होतं.

पुढचं कारण विंडोजच्या बाजूचं आहे आणि यात माझे दोन पूर्ण रविवार गेले. जुने राऊटर डिस्क शेअर करताना एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फायली शेअर करण्याच्या विंडोजच्या भाषेची, पहिली आवृत्तीच बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ही जुनी भाषा एकतर मुळात येतच नाही किंवा काही दिवस वापरली नाही तर आपोआप निघून जाते. म्हणजे जुन्या लॅपटॉपवर डिस्क उघडते, नव्यावर उघडत नाही, आणि आपण राऊटरला दोष देत बसतो. विंडोजमध्ये ही जुनी आवृत्ती पुन्हा चालू करायचे मार्ग भरपूर ठिकाणी लिहिलेले सापडतील. ते करू नका. राऊटरचं फर्मवेअर अपडेट करा, बऱ्याच मॉडेलांना एसएमबीची दुसरी आवृत्ती अशा अपडेटमधूनच मिळाली. त्यानंतर विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने आणखी कडक धोरण घेतलं. तिच्या प्रो आवृत्तीत पासवर्ड नसलेलं पाहुण्यांसाठीचं शेअर उघडत नाही. म्हणून राऊटरच्या यूएसबी पानावर जाऊन डिस्कसाठी युजरनेम आणि पासवर्ड ठेवा. तसा तो ठेवायलाच हवा.

जाता जाता एक गोष्ट. डिस्क लावल्यापासून स्वयंपाकघरात वायफाय येईना, अशी आईची तक्रार होती. मला ती आधी पटली नव्हती, पण आईचं बरोबर होतं. यूएसबी ३.० च्या वायरीतून आणि पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर माहितीपत्र काढलेलं आहे. जाड, चांगल्या आवरणाची वायर घेऊन डिस्क राऊटरच्या अँटेनापासून हातभर लांब ठेवली, आणि राऊटरमधलं यूएसबी ३.० बंद करून २.० वर आणलं. फोटो बघायला तेवढा वेग पुरतो.

घड्याळ १९७० सालात

घरात डिस्क उघडतेय पण बाहेरून नाही, असं असेल आणि नुकतीच लाईट जाऊन आलेली असेल, तर राऊटरच्या सिस्टिम पानावर जाऊन तारीख बघा. आमच्या राऊटरच्या लॉगमध्ये एकाखाली एक सगळ्या नोंदी १ जानेवारी १९७०च्या होत्या. ते पान बघून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो, कारण सहा महिन्यांचं कोडं त्या एका ओळीत सुटत होतं.

राऊटरमध्ये मनगटी घड्याळासारखी बॅटरी नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो आणि चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. आमच्याकडे व्हायचं असं की लाईट आल्यावर राऊटर मिनिटभरात उठायचा आणि फायबरचा डबा तीन-चार मिनिटं घ्यायचा. राऊटरने वेळ विचारली तेव्हा पलीकडे कोणी नव्हतंच. इंटरनेट नंतर आलं, घरातलं सगळं चालू झालं, पण घड्याळ मागेच राहिलं. मग डीडीएनएसचं अपडेट सुरक्षित जोडणीवरून जाताना प्रमाणपत्राची, म्हणजे जोडणीच्या डिजिटल ओळखपत्राची, तारीख जुळत नाही. आमच्या व्हीपीएनचं, म्हणजे ओपनव्हीपीएनचंही तेच. माझ्या फोनमधलं प्रमाणपत्र २०२३चं आणि राऊटर स्वतःला १९७०मध्ये समजतोय, म्हणजे त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो दार उघडत नाही.

याला साधा रीबूट पुरतो, कारण तोवर फायबर वर आलेलं असतं. बाबा टाचणी लावायचे त्याऐवजी नुसतं बटण बंद-चालू केलं असतं तर चारपैकी दोन फेऱ्या वाचल्या असत्या. कायमचा उपाय म्हणून मी दोन गोष्टी केल्या. राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालतील असा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, त्यामुळे तासा-दोन तासांच्या भारनियमनात काही बंदच पडत नाही. आणि राऊटरमध्ये रोज पहाटे चारला आपोआप रीबूट होण्याची वेळ लावली. ही सोय बऱ्याच राऊटरांत असते, शेड्यूल नावाच्या पानाखाली शोधा.

डीडीएनएसचं नाव घेतलंच आहे तर हेही सांगून ठेवतो. नो-आयपी नावाच्या अशा सेवेच्या फुकट खात्यात घराचं नाव दर ३० दिवसांनी ईमेलवरून पक्कं करावं लागतं, नाही केलं तर बंद होतं. तुमचा त्रास बरोबर महिन्याच्या अंतराने येत असेल तर आधी ईमेल तपासा.

व्हीपीएन जोडलं जातं, पण डिस्क उघडत नाही

दर रीसेटला आम्ही स्वतःच्या हाताने तयार करत होतो ते दुखणं हे.

साताऱ्याचा राऊटर आणि माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमधला राऊटर, दोन्ही एकाच कंपनीचे. दोघांचाही मूळ पत्ता १९२.१६८.०.१. पुण्यातून व्हीपीएन लावलं की हिरवी खूण यायची, जोडलं गेलं म्हणून. मग डिस्कचा पत्ता टाकला की माझा लॅपटॉप विचार करायचा, १९२.१६८.०.१ म्हणजे हा शेजारच्या खोलीतलाच राऊटर. निरोप साताऱ्याला निघतच नव्हता. गंमत म्हणजे मोबाईल डेटावरून बघितलं तर डिस्क उघडायची, आणि ताईला डब्लिनहूनही उघडायची, कारण तिच्या घरचं नेटवर्क वेगळ्या आकड्यांवर होतं. "मला दिसतंय की, तुझंच काहीतरी आहे," असं ती म्हणायची, आणि तिचं बरोबर होतं.

साताऱ्याच्या घराचा पत्ता मी १९२.१६८.५७.१ असा केला. राऊटरमध्ये लॅन नावाच्या पानावर हा आकडा बदलता येतो. शून्य आणि एक सोडून २ ते २५४ मधला कोणताही, शक्यतो आडवळणाचा आकडा घ्या. पाच मिनिटांचं काम, आणि डिस्क उघडली. पुढच्या रीसेटनंतर पत्ता परत १९२.१६८.०.१ झाला. मी घाईघाईत पीपीपीओई आणि वायफाय तेवढं भरलं, व्हीपीएन नव्याने बनवलं, आणि हा आकडा बदलायचा विसरलो. पुण्यात आलो तर परत तेच. आणि ते बघून बाबांनी पुन्हा टाचणी घेतली.

म्हणून म्हणतो, व्हीपीएन जोडलं जातंय पण पुढे काही उघडत नाही, असं दिसलं की दोन्ही घरांचे आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहून बघा.

बाहेरचा पत्ता तुमचाच आहे का?

वरचं सगळं निस्तरल्यावर पाचेक महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी बंद, आणि या वेळी कशानेच चालू होईना. घड्याळ बरोबर, आकडे वेगळे, डिस्क घरात उघडतेय.

याची तपासणी दोन मिनिटांची आहे. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी किंवा इंटरनेट आयपी असा आकडा असतो तो लिहून घ्या. मग त्याच घरच्या वायफायवरून गूगलवर 'माझा आयपी पत्ता काय' अशा अर्थाचं इंग्रजीत शोधा, तिथे दिसणारा आकडा लिहून घ्या. दोन्ही सारखे असतील तर बाहेरचा पत्ता तुमचा आहे. आमच्याकडे राऊटर सांगत होता १००.७२ ने सुरू होणारा आकडा, आणि गूगल सांगत होतं भलताच.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सगळे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तिथे आकडा दिसला तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटच्या मागे टाकलंय. जुन्या वाड्याची कल्पना करा. वाड्याचा पत्ता एक, आत पन्नास बिऱ्हाडं. आतून बाहेर कोणीही जाऊ शकतं, पण बाहेरून आलेल्या माणसाने दिंडी दरवाज्यावर 'जोशींकडे जायचंय' म्हटलं तर तिथल्या पहारेकऱ्याला जोशी कोण ते माहीत नाही, आणि तो पहारेकरी तुमच्या हुकुमातला नाही. तुम्ही आपल्या राऊटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, ते तुमच्या खोलीचं दार उघडणं झालं. दिंडी दरवाजा बंदच.

कंपन्या असं का करतात, याचं कारण खरं आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. म्हणजे एका पत्त्यामागे अनेक घरं बसवणं कंपनीला भागच आहे. माझी तक्रार एवढीच की, ते रातोरात बदलताना ग्राहकाला एक एसएमएस तरी यायला हवा होता. ग्राहक सेवेला फोन केल्यावर तिथूनही पहिला सल्ला मिळाला तो राऊटर रीसेट करण्याचा.

राऊटरचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फायबरचा डबाच राऊटरचं काम करतोय आणि तुमचा राऊटर त्याच्या मागे दुसरा आहे. डबा बदलून गेला किंवा कोणी त्याला टाचणी लावली की हे होतं. कंपनीला फोन करून 'डबा ब्रिज मोडवर टाका' असं सांगा, याच शब्दांत. म्हणजे डबा राऊटरचं काम सोडून नुसतं इंटरनेट पुढे देतो.

सीजीनॅटवर मात्र पर्याय मोजके आहेत. कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, स्वतःचा आयपी विकत घेणं हा पहिला. काही ठिकाणी तो घरगुती जोडणीला देतच नाहीत. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, दोन्ही टोकांना असेल तर त्यावरूनही जमतं, पण पुण्यात मिळतं आणि ज्या हॉटेलात उतरलात तिथे मिळत नाही, असं होतं. मी तिसरा मार्ग घेतला. घरी एक रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक ठेवला, त्यावर टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा टाकली आणि १९२.१६८.५७ चं सगळं नेटवर्क त्याच्यामार्फत उपलब्ध करून दिलं, याला ते सबनेट राऊटर म्हणतात. इथे जोडणी आतून बाहेर सुरू होते, त्यामुळे दिंडी दरवाज्याचा प्रश्नच येत नाही. घरगुती वापराला ते फुकट आहे.

टेलस्केल वापरणार असाल तर दोन गोष्टी आजच करून ठेवा. त्याच्या नियंत्रण पानावर त्या पायचा सबनेट मंजूर करावा लागतो, नुसतं पायवर चालू करून भागत नाही. आणि पायची किल्ली १८० दिवसांनी संपते, तसं ते मूळचंच ठरलेलं आहे. त्या एका उपकरणापुरती ही मुदत बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी ऐन गरजेच्या दिवशी पुन्हा सातारा. टेलस्केल स्वतःही आपल्या उपकरणांना १००.६४ ते १००.१२७ मधलेच पत्ते देतं, तेव्हा फोनमध्ये तसा आकडा दिसला म्हणून घाबरू नका.

आणि तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून तपासा. घरच्याच वायफायवर बसून 'बाहेरून उघडतं का' बघितलं तर उत्तर दोन्ही बाजूंनी फसवं येतं.

सोपा वाटणारा रस्ता

इतकं करण्यापेक्षा राऊटरमधलं एफटीपी, म्हणजे फायली पाठवायची जुनी पद्धत, थेट इंटरनेटला उघडून द्यावं असं मनात येतं. बहुतेक राऊटरांत ते एका टिचकीचं काम आहे. करू नका. एफटीपीमध्ये पासवर्ड उघडाच जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो. एसएमबीचं ४४५ नंबरचं पोर्ट तर कधीच उघडू नका.

हे नुसतं भीती घालायला लिहीत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये असूसच्या राऊटरला डिस्क जोडलेल्या हजारो लोकांना आपल्या फायलींमध्ये एक अनोळखी टेक्स्ट फाईल सापडली. तिचा आशय असा की, तुमचा राऊटर आणि तुमची कागदपत्रं जगातला कोणीही उघडू शकतो. ती फाईल ठेवणाऱ्यांनी तसं उघडूनच ती ठेवली होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीत १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या डिस्कमध्ये शिरकाव झाल्याची नोंद आहे. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीला वीस वर्षं सुरक्षेची बाहेरून तपासणी करून घेणं मान्य करावं लागलं. आमच्या डिस्कमध्ये आधार कार्डं आहेत, बँकेची पासबुकं आहेत, आजोबांचं मृत्युपत्र आहे. तुमच्याही असेल.

अपडेट करताना

त्याच कारणाने अपडेट टाळू नका. वर्षातून दोनदा तरी बघा. पण नीट करा.

राऊटर उलटा करून खालचा स्टिकर वाचा. मॉडेलच्या नावाशेजारी व्ही१, व्ही२ असं काही छापलेलं असतं. नाव तेच असलं तरी आतली पाटी वेगळी असते, आणि व्ही२ची फाईल व्ही१मध्ये घातली तर राऊटर निकामी होऊ शकतो. फाईल कंपनीच्याच साइटवरून, आपल्या देशाच्या पानावरून घ्या. झिप असेल तर आधी उघडा. सेटिंगचा बॅकअप डाउनलोड करून घ्या, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण जुन्या फर्मवेअरचा बॅकअप नवं फर्मवेअर कधीकधी घेत नाही. मी प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढतो. तो कधी फसत नाही.

डिस्क सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवा. संगणक वायफायवर नाही, लॅन केबलने जोडा. वीज इन्व्हर्टरवर आहे याची खात्री करा. मग अपडेट दाबा आणि दिवे स्थिर होईपर्यंत कशालाही हात लावू नका. मधेच पान अडकल्यासारखं वाटतं, तेव्हाच हात शिवशिवतात. थांबा.

दुरून अपडेट करायचं असेल तर घरी कोणीतरी माणूस बसलेला हवा, फोनवर. मी आता पुण्यातून टेलस्केलमधून राऊटरचं पान उघडून अपडेट करतो, पण बाबा समोर खुर्चीत असतात आणि दिवे कसे दिसतात ते सांगत असतात. अपडेट अर्ध्यात फसलंच, तर राऊटर लगेच कचऱ्यात टाकू नका. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन, रीसेटचं बटण दाबून धरत राऊटर चालू केला की तो टीएफटीपीने, म्हणजे फाईल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने, संगणकावरून नवी फाईल ओढून घेतो. असूसमध्ये रेस्क्यू मोड आहे, पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकायला लागतो. टाचणीचा खरा उपयोग तिथे आहे.

आणि कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलं असेल, तर त्या राऊटरला डिस्क लावणं थांबवा. वायफायपुरता आणखी थोडे दिवस चालवा हवं तर.

आता घरी काय आहे

राऊटर ठेवलाय त्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, बाबांच्या अक्षरात. वर पीपीपीओईचं युजरनेम, त्याखाली 'घराचा नंबर ५७', त्याखाली 'पाय – पांढरा डबा – बंद करू नये'. पुढे क्रम लिहिलाय: आधी फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का बघणे. असेल तर कंपनीला फोन, राऊटरला हात नाही. नसेल तर राऊटरचं बटण बंद, चहा होईपर्यंत थांबणे, चालू. तरी नाही झालं तर मला फोन. टाचणी आईच्या शिवणाच्या डब्यात परत गेली.

डिस्कची एक पूर्ण प्रत पुण्यात माझ्याकडे आहे, ती दर तीन महिन्यांनी ताजी करतो. राऊटरला लावलेली डिस्क ही बघण्याची सोय आहे, ती एकच प्रत असेल तर तो बॅकअप नव्हे, हे ताईनेच मला ऐकवलं.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात साताऱ्यात दोन दिवसांत पाच वेळा लाईट गेली. तिसऱ्या दिवशी ताईने डब्लिनहून आजीचा नऊवारीतला फोटो ग्रुपवर टाकला, त्या डिस्कमधूनच काढलेला. मला कोणाचा फोन आला नव्हता.